अर्ध्यावर गेलेले कुठे गेले?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक गंमत दिसते. मुलगी चार वर्षांच्या विद्यापीठात शिकत असली, तर त्या विद्यापीठाचं नाव पाहुण्याला चहा यायच्या आधी कळतं. मुलगा कम्युनिटी कॉलेजात असला, तर आई आवाज जरा खाली आणून 'सध्या इथेच, जवळ जातो' एवढंच सांगते. अशाच एका 'इथेच, जवळ'च्या कॉलेजात मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. त्याआधी आठ वर्षं सांगलीत शिकवलं होतं. निवृत्तीनंतर आता पुण्यात असतो.

त्या एकवीसपैकी नऊ वर्षं मी कॉलेजच्या आढावा समितीवर होतो. कुठला अभ्यासक्रम चांगला चाललाय, कुठल्यावर फुकट पैसा जातोय आणि कुठला बंद करावा, हे आम्ही ठरवायचं. काम कागदोपत्री वाटतं, पण त्यात माणसांच्या नोकऱ्या जातात आणि विद्यार्थ्यांच्या वाटा बंद होतात. एक वाट माझ्या मतानेही बंद झाली. ते पुढे सांगतोच.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते थोडक्यात. शिकागोजवळच्या जोलिएट गावी १९०१ साली बारावीच्या पुढची दोन वर्षं शिकवणारं एक सरकारी कॉलेज निघालं. अशा कॉलेजांना तेव्हा 'ज्युनिअर कॉलेज' म्हणत. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, त्यामुळे इथे घोटाळा होतो. तिकडे ते बारावीनंतरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ केला आणि सामान्य माणसाच्या घराजवळ अशी कॉलेजं हवीत असं सांगितलं. आज अमेरिकेत ती हजाराच्या आसपास आहेत. बहुतेक ठिकाणी प्रवेशाला अट नाही. येईल त्याला घ्यायचं. दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी घ्या, तिच्या जोरावर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जा, नाहीतर वर्ष-सहा महिन्यांचं एखादं प्रमाणपत्र घेऊन कामाला लागा. फी कमी. २०२४-२५ मध्ये स्थानिक विद्यार्थ्याला अशा कॉलेजात वर्षाला सरासरी ४,०५० डॉलर फी पडत होती. राज्यातल्याच चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात ११,६१०. शिवाय गरीब विद्यार्थ्याला केंद्र सरकारचं पेल अनुदान असतं. अर्थात फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. उरलेला भार राज्य आणि स्थानिक करदाते उचलतात, आणि म्हणूनच आढाव्याचा प्रश्न येतो. पैसे देणारा हिशेब मागणारच.

आमच्याकडे प्रत्येक अभ्यासक्रमाची पाळी पाच वर्षांतून एकदा यायची. विभागाने आपला अहवाल लिहायचा. प्रवेश किती, तुकड्या किती भरल्या, पास किती, पुढे विद्यापीठात किती गेले, नोकरीला किती लागले, एका क्रेडिटमागे खर्च किती, सगळं त्यात असायचं. बाहेरचा एक जाणकार येऊन वर्ग बघायचा, विद्यार्थ्यांशी बोलायचा. त्या धंद्यातले चार मालक-व्यवस्थापक सल्लागार मंडळावर असत. तुमची मुलं आम्हाला चालतात की नाही, ते सांगत. मग सगळं आमच्यापुढे. आमच्या तक्त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असायचे. लाल म्हणजे धोका.

आता तुम्ही म्हणाल, आकडे आहेत, रंग आहेत, मग अडचण कुठे? अडचण भागाकारात आहे. वर काय लिहायचं आणि खाली काय लिहायचं, यावर उत्तर फिरतं.

नर्सिंगचंच बघा. आमच्या कॉलेजातला सगळ्यात महाग अभ्यासक्रम तो. रुग्णालयात नेलेल्या दहाएक विद्यार्थ्यांमागे एक शिक्षिका लागते, त्याहून मोठा गट करता येत नाही. कृत्रिम रुग्णाचा पुतळा, खाटा, औषधांच्या गाड्या हा खर्च निराळाच. शेजारच्या इमारतीत मानसशास्त्राचा वर्ग. एक शिक्षक, एक फळा, पस्तीस खुर्च्या भरलेल्या. क्रेडिटमागचा खर्च काढला की नर्सिंग लाल आणि मानसशास्त्र हिरवंगार. पण मानसशास्त्राच्या त्या पस्तिसांतले पुढे काय करतात, ते कुणालाच नीट माहीत नसायचं. नर्सिंगची मुलगी मात्र शेवटी राष्ट्रीय परवाना परीक्षेला बसते. चार वर्षांच्या विद्यापीठातून आलेली आणि आमच्या दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेली, दोघींना परीक्षा तीच. पहिल्या प्रयत्नात किती पास झाल्या, हे कॉलेजवार जाहीर होतं. गुणवत्ता मोजायला याहून सरळ फूटपट्टी मला त्या नऊ वर्षांत दुसरी मिळाली नाही. आणि खरी गोष्ट अशी, की मानसशास्त्राच्या भरलेल्या खुर्च्यांतून जे उरायचं, त्यावरच नर्सिंग चालायचं. कॉलेज म्हणजे एकत्र कुटुंब. कमावत्या भावाचं कौतुक करताना धाकट्याच्या फीला पैसे कुठून येतात, हे विसरून चालत नाही.

दुसरा घोळ पदवी पुरी करणाऱ्यांच्या टक्क्यांचा. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला, की कॉलेजांनी हे प्रमाण जाहीर केलं पाहिजे. हेतू उत्तम. पण मोजणी कुणाची? पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची, ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळापर्यंत. कम्युनिटी कॉलेजात निम्म्याहून जास्त मंडळी अर्धवेळ शिकतात. दिवसा दुकानात, रात्री वर्गात. ती मोजणीत नाहीत. जो मुलगा एका वर्षात चांगले गुण मिळवून थेट विद्यापीठात गेला, तोही 'पूर्ण केलं' यात येत नाही. म्हणजे आमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी आमच्या नापासांच्या रांगेत! अर्धवेळवाल्यांचे निराळे आकडे सरकारने २०१७ पासून द्यायला सुरुवात केली, पण वर्तमानपत्रं अजूनही बहुधा जुनाच आकडा उचलतात.

मात्र आकड्यांच्या नावाने खडे फोडून सुटकाही नाही. मी स्वतः जे शिकवत होतो, त्याचं सांगतो.

नव्या विद्यार्थ्याची गणिताची चाचणी घ्यायची आणि कच्चा निघाला तर त्याला शाळेतलं गणित पुन्हा शिकवायचं, असा रिवाज होता. त्याच्या तीन पायऱ्या. तिन्हींची फी भरायची, पण पदवीसाठी क्रेडिट शून्य. मी मधल्या पायरीवर होतो. आमच्या प्रत्येक पायरीवर शंभरातले साठेक पास व्हायचे आणि आम्ही त्यावर खूश असायचो. एकदा समितीच्या एका बाईंनी नुसता गुणाकार केला. शंभरातले साठ, साठातले छत्तीस, छत्तिसातले एकवीस-बावीस. म्हणजे पदवीचं पहिलं गणित सुरू व्हायच्या आधीच शंभरातले अठ्ठ्याहत्तर गळाले. त्यात पास होऊनही पुढच्या पायरीला नाव न नोंदवणारे मी धरलेलेच नाहीत. मी गणिताचा शिक्षक, आणि हा गुणाकार मला कुणीतरी करून दाखवावा लागला.

पुढे देशभर हेच दिसून आलं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. त्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की या चाचण्या पुष्कळ मुलांना चुकीच्या वर्गात ढकलतात, आणि शाळेतले गुण त्याहून बरा अंदाज देतात. टेनेसी राज्याने २०१५ मध्ये पायऱ्या काढून टाकल्या. मुलाला सरळ पदवीच्या गणितात बसवायचं आणि जोडीला आधाराचा तास द्यायचा. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये तसा कायदाच केला. आमच्या कॉलेजात माझ्याच विभागाने याला विरोध केला, आणि विरोध करणाऱ्यांत मीही होतो. कच्च्या मुलाला खोल पाण्यात टाकणं मला पटत नव्हतं. आजही प्रत्येकाला ते मानवतं असं मी म्हणणार नाही. पण शंभरातले अठ्ठ्याहत्तर काठावरच बुडत होते, हेही खरं.

आता खर्चाचा मुद्दा. समजा एका अभ्यासक्रमात शंभर विद्यार्थी, प्रत्येकामागे दोन हजार डॉलर खर्च, आणि वीस जणांनी तो पूर्ण केला. एका पदवीला पडले दहा हजार. दुसरीकडेही शंभरच विद्यार्थी, पण प्रत्येकामागे तीन हजार खर्च, आणि चाळीस जणांनी पूर्ण केला. एका पदवीला साडेसात हजार. पहिला अभ्यासक्रम स्वस्त की दुसरा? विद्यार्थ्यामागे बघाल तर पहिला, पदवीमागे बघाल तर दुसरा. आमच्या वित्त अधिकाऱ्यांना पहिलंच उत्तर आवडायचं, कारण अंदाजपत्रकात यंदाचाच खर्च दिसतो, तीन वर्षांनी मिळालेली पदवी त्यात कुठेच दिसत नाही.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'एसॅप' नावाची योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं, ही अट. बदल्यात अनुदान वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तकं फुकट, मेट्रोचा पास फुकट, शिकवणीची सोय आणि हक्काचा सल्लागार. हा सल्लागार फार महत्त्वाचा. एरवी तिथे एका सल्लागारामागे सहाशेपासून दीड हजारपर्यंत विद्यार्थी असायचे. या योजनेत साठ ते ऐंशी. मुलगा दोन आठवडे दिसला नाही तर फोन करणारं कुणीतरी असतं, एवढाच त्याचा अर्थ.

या योजनेचा अभ्यासही चोख झाला. एमडीआरसी या संस्थेने ८९६ गरीब विद्यार्थी घेतले. सगळे गणितात किंवा इंग्रजीत कच्चे ठरलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला योजना, दुसऱ्याला नेहमीचं कॉलेज. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले २२ टक्के पदवीधर झाले, योजनेतले ४० टक्के. खर्च? एका विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सोळा हजार डॉलरहून अधिक जादा, म्हणजे नेहमीच्या खर्चाच्या वर साठ टक्क्यांहून जास्त. आणि तरीही एका पदवीमागचा खर्च दहा टक्क्यांहून अधिक कमी भरला. ओहायोतल्या तीन कॉलेजांत हाच प्रयोग केला, तिथेही १९ टक्क्यांचे ३५ झाले. सहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या गटांकडे पुन्हा बघितलं तेव्हा अंतर कमी झालं होतं, पण मिटलं नव्हतं. ५१ आणि ४१. म्हणजे काही जण रखडत का होईना, स्वतःच्या हिमतीवर पोहोचलेच असते. दहा टक्के मात्र पोहोचले नसते.

मी हा अहवाल समितीत वाचून दाखवला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वित्त अधिकाऱ्यांनी विचारलं, 'पहिल्या वर्षीचे पैसे कुठून?' त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

काही राज्यांनी कॉलेजांचं अनुदानच निकालाला बांधून टाकलं. टेनेसीने याची सुरुवात १९७९ मध्येच केली आणि २०१० च्या कायद्याने जवळजवळ सगळा पैसा त्यावर ठेवला. टेक्सासने २०२३ मध्ये तीच वाट धरली. ऐकायला बरोबर वाटतं. पण पदवीमागे किंवा प्रमाणपत्रामागे पैसे मिळणार म्हटलं, की प्रमाणपत्रं छोटी करून भराभर वाटायचा मोह होतो, आणि कच्चा विद्यार्थी नको वाटायला लागतो. येईल त्याला घ्यायचं हे ज्या कॉलेजांचं ब्रीद, त्यांनी असा हात आखडला तर त्या मुलाने जायचं कुठे? म्हणून गरीब आणि वयस्क विद्यार्थ्यांसाठी जादा वजन देण्याची सोय अशा सूत्रांत करावी लागते.

आता मी बंद केलेल्या वाटेबद्दल.

आमच्याकडे ड्राफ्टिंगचा, म्हणजे संगणकावर यंत्रांचे आणि इमारतींचे नकाशे काढण्याचा, संध्याकाळचा अभ्यासक्रम होता. आठ विषय पुरे केले की प्रमाणपत्र. शिकवणारे गृहस्थ स्वतः तीस वर्षं कारखान्यात नकाशे काढलेले. चोवीस जागांत पंधराएक भरायच्या. प्रमाणपत्र मात्र तीन वर्षांत फक्त सात जणांनी घेतलं होतं. एका प्रमाणपत्रामागचा खर्च नर्सिंगलाही लाजवणारा. तक्त्यात सगळीकडे लाल. ते गृहस्थ समितीपुढे आले. बोलायची सवय नव्हती. एवढंच म्हणाले, की माझी मुलं नापास होऊन जात नाहीत, त्यांना काम मिळतं म्हणून जातात. आम्ही पुरावा मागितला. त्यांच्याकडे कागद नव्हता. पाच विरुद्ध दोन मतांनी अभ्यासक्रम बंद झाला. पाचांत मी होतो.

दोनेक वर्षांनी घराच्या तळघराचं काम काढलं. कंत्राटदाराने नकाशा घेऊन एका तरुणाला पाठवलं. नकाशा इतका स्वच्छ होता की मी विचारलं, कुठे शिकलास? त्याने आमच्याच कॉलेजचं नाव सांगितलं. तीन विषय केले होते. तिसरा संपता संपता मालकाने साइटवरून उचलून कार्यालयात बसवलं आणि पगार वाढवला. मग उरलेले पाच विषय त्याने कशाला करायचे? आमच्या हिशेबात तो 'अर्धवट सोडलेला' होता.

मी निबंधकांच्या कार्यालयातून, रीतसर परवानगी काढून, शेवटच्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी मिळवली. एकतीस नावं. महिनाभर संध्याकाळी फोन केले. एकोणीस जण बोलले. त्यातले चौदा नकाशाच्याच किंवा त्याला लागून असलेल्या कामावर होते. उरलेल्या बारांचं काय झालं ते कळलं नाही, तेव्हा चौदा हा आकडाही फार मिरवू नये. फोन उचलणारा माणूस बहुधा बरं चाललेला असतो. पण सात आणि एकवीस यांत फरक आहे की नाही?

कॅलिफोर्नियात अशा विद्यार्थ्यांना 'कौशल्य वाढवणारे' म्हणून वेगळं मोजायला लागलेत. एक-दोन विषय घेऊन गेलेल्यांचा पगार वाढला का, हे राज्याच्या वेतन-नोंदीवरून बघतात. आमच्या तक्त्यातही शेवटी एक रकाना वाढला : सोडून गेलेले कुठे गेले. तो अभ्यासक्रम मात्र पुन्हा सुरू झाला नाही. संगणक दुसऱ्या विभागाने नेले होते, नव्याने मंजुरी घ्यायची तर वर्ष जाणार होतं, आणि ते गृहस्थ फ्लोरिडाला राहायला गेले होते. मी त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि १९९६ मध्ये चेन्नईत अशी कॉलेजं निघाली, २००९ मध्ये इग्नूने योजना आणली, २०१३-१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका देऊ केली. निदान कागदावर तरी अर्ध्यावर गेलेला आता शून्य नाही. त्या प्रमाणपत्राला बाजारात काय भाव येतो, ते मात्र कुणीतरी जाऊन विचारायला हवं.

मागच्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे प्राचार्य भेटायला आले. त्यांच्याकडे कौशल्याचे चार अभ्यासक्रम चालतात आणि एक बंद करायचा घाट होता. मी त्यांना आमचा जुना तक्ता दिला आणि म्हटलं, आधी सोडून गेलेल्यांना फोन करा, मग काय ते ठरवा. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. यादी तयार होती, दोन शिक्षकही तयार होते. अडलं होतं कशावर, तर फोनचा आणि एस.टी.च्या भाड्याचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, ते लेखापालांना सापडत नव्हतं.